भुयारी लढाईचे डायोरामा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आम्ही चार-पाच जण सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी घरी जमून छोट्या फिगर रंगवत डायोरामा, म्हणजे प्रसंगाचे छोटे देखावे, करत बसतो, आणि त्यातले दोघं-तिघं फक्त जमिनीखालची लढाई करतात, म्हणजे सुरुंग, भुयारं, व्हिएतनाम युद्धातलं कू ची वगैरे. लोक येऊन बघतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

भुयारच का? रणगाडे जास्त छान दिसतात ना?

दिसतात, आणि सगळे तेच करतात. भुयारात तुम्हाला जमिनीचा काप दाखवायला मिळतो, वर खंदक, खाली माती, त्याच्या खाली आडवा पडून खणणारा माणूस, आणि वरच्याला खालचं काही माहीतच नाही. हे दुसऱ्या कुठल्या डायोरामात होत नाही. शिवाय फिगर कमी लागतात, तीन-चारात काम होतं, म्हणजे खर्चही कमी.

सुरुवात कुठून करायची? आधी फिगर घेऊ का?

नको. आधी माती ठरवा. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण आधी किटच घेऊन येतो. कुठली जमीन होती त्यावरून भुयाराचा आकार ठरतो, लाकूड लागलं की नाही ते ठरतं, हत्यार ठरतं, माणूस उभा की आडवा की गुडघ्यावर ते ठरतं, पायात बूट आहेत की नाही हेसुद्धा ठरतं. बेल्जियममधली चिकण माती, फ्रान्समधल्या सोमचा पांढरा खडू, व्हिएतनामचा तांबडा जांभा आणि आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ हे चार एकदम वेगळे डायोरामा आहेत, आणि एकाच्या भुयारात दुसऱ्याची फिगर ठेवली की जाणकार माणसाला लांबूनच कळतं.

स्केल कुठला घ्यावा?

पहिल्यांदा करताय तर १/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा भाग. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या मेसीनला ब्रिटिश टनेलर लोकांनी, म्हणजे भुयारं खणणाऱ्यांनी, जर्मनांच्या खाली काढलेली भुयारं साधारण १.२ मीटर उंच आणि ७० सेंटिमीटर रुंद असायची, म्हणजे १/३५ मध्ये ३४ मिमी उंच आणि २० मिमी रुंद. १/३५ चा उभा माणूस ४८-४९ मिमीचा होतो. तो ३४ मिमीत उभा राहूच शकत नाही, आणि हेच दाखवायचंय. बहुतेक लोक भुयार उंच करतात कारण किटमधली फिगर उभी असते, मग ते भुयार न वाटता सोसायटीचं बेसमेंट पार्किंग वाटतं.

१/७२ मध्ये तेच भुयार १७ मिमी बाय १० मिमी होतं, आत ब्रश जात नाही. पण वरची जमीन, खंदक, खाली दोन-तीन गॅलऱ्या, म्हणजे आडवी भुयारं, असं पूर्ण दृश्य पाहिजे असेल तर १/७२ ला पर्याय नाही.

भुयाराची खोली डायोरामात बसतच नाही, काय करू?

हा खरा त्रास आहे. मेसीनला काही सुरुंग २५-३० मीटर खोल होते. ३० मीटर म्हणजे १/३५ मध्ये साडेपंच्याऐंशी सेंटिमीटर, १/७२ मध्ये जवळजवळ ४२. असलं कपाट कोण घरात ठेवू देईल, आमच्याकडे तर आई आधी विचारते की हे कुठे ठेवणार आणि मग विचारते की हे काय आहे.

तीन रस्ते आहेत. एक, खोली दाबायची, म्हणजे ३० मीटरचे ८ करायचे, लोक करतात पण मला पटत नाही, कारण खोली हाच तर मुद्दा होता, वरचा जर्मन सैनिक निवांत चहा-कॉफी पितोय कारण खालचा आवाज तिथवर येत नाही. दोन, मध्ये तोडायचं, ड्रॉइंगमध्ये लांब वस्तू तोडून दाखवतात तसं वरचा एक तुकडा आणि खालचा एक तुकडा आणि मध्ये सरळ मोकळी फट, बाजूला छोट्या पट्टीवर खरी खोली लिहायची. तीन, वरचं काढूनच टाकायचं, फक्त भुयाराची पेटी, एका बाजूने ॲक्रिलिक शीट. मी तिसरंच करतो. लांबीचंही तसंच, अमेरिकन यादवी युद्धात पीटर्सबर्गला १८६४ मध्ये जे भुयार खणलं ते दीडशे मीटरच्या वर लांब, १/७२ मध्येसुद्धा दोन मीटर पार होतं, त्यामुळे ते पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका. त्यातला हवा खेळवायचा भाग तेवढा घ्या, कूपाखाली, म्हणजे वर जाणाऱ्या उभ्या भोकाखाली, शेकोटी पेटवून गरम हवा वर ओढून घ्यायचे आणि त्या ओढीने बाहेरची ताजी हवा लाकडी नळातून थेट खणणाऱ्यापर्यंत यायची. तेवढा एक कोपरा नीट केला तरी बघणारा पाच मिनिटं हलत नाही.

मेसीनची माती कशी दाखवायची?

हा माझा आवडता भाग आहे म्हणून जरा लांबेल. वर तपकिरी माती, तिच्याखाली पाण्याने भरलेली रेती, आणि तिच्याखाली निळसर करडी चिकण माती. रेतीत खणलं की भुयार ढासळतं, म्हणून ब्रिटिशांनी रेतीतून पोलादी नळकांड्यासारखे कूप खाली उतरवले आणि खालच्या निळ्या मातीत आडवी भुयारं काढली. म्हणजे तुमच्या कापात तीन रंगांचे थर दिसलेच पाहिजेत, आणि मधला थर ओला चमकणारा. त्यावर ग्लॉस वार्निश मारा, वरच्या-खालच्या थराला मॅट.

निळ्या मातीसाठी शाडू एकदम बेस्ट. गणपतीच्या कारखान्यात सीझन संपल्यावर उरलेली मिळते, नाहीतर पेणहून येणाऱ्या कुणालाही सांगा. नुसती शाडू वाळली की तडकते म्हणून त्यात फेविकॉल आणि भिजवलेला कागदाचा लगदा घाला, थर्माकोलवर किंवा पिंक फोमवर अर्धा सेंटिमीटर थर द्या. रंग निळा करायला जाऊ नका हां, करडा करा आणि त्यात निळ्याची नुसती झाक द्या.

आणि एक, खोदून काढलेली माती कुठे गेली हे दाखवा. ही निळी माती वर पसरली तर विमानातून लगेच ओळखू येणार आणि शत्रूला कळणार की खाली खोल खणकाम चालू आहे, त्यामुळे ती पोत्यांत भरून नेऊन लपवायचे. डायोरामात वर खंदकाच्या कोपऱ्यात करड्या मातीने माखलेली पोती ठेवली आणि त्यावर तपकिरी मातीने झाकणारा एक माणूस ठेवला तर अख्खी गोष्ट एका फिगरमध्ये येते.

खणणारा माणूस कसा बसवायचा? कुदळ मारणारी फिगर चालेल?

चिकण मातीत नाही चालणार, कुदळीचा आवाज होतो. तिथे क्ले किकिंग करायचे. माणूस लाकडी फळीच्या आधारावर ४५ अंशांत पाठ टेकून पडायचा, पाय समोरच्या मातीकडे, आणि अरुंद फावडं दोन्ही पायांनी मातीत दाबायचा. ठोका नाही, घाव नाही. त्याच्यामागे एकजण माती पोत्यात भरायचा आणि तिसरा रबरी चाकांच्या छोट्या ट्रॉलीवरून ती मागे न्यायचा, रूळसुद्धा लाकडाचे, आवाज नको म्हणून.

ही पद्धत इंग्लंडात शहराखालची गटारं खणणाऱ्या मजुरांची होती. जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स नावाच्या कंत्राटदाराने फेब्रुवारी १९१५ मध्ये मँचेस्टरच्या गटारकामावरून आपली माणसं थेट आघाडीवर नेली. त्यामुळे चेहरे बघा! हे पंचविशीतले कवायती शिपाई नाहीत, कित्येकजण चाळिशी-पन्नाशीचे खाणकामगार आहेत. मिशा करड्या करा, पोट थोडं सुटलेलं चालेल, शर्टाच्या बाह्या वर, रायफल आजूबाजूला नको. पोझ किटमध्ये मिळत नाही, बसलेल्या ड्रायव्हरची फिगर घ्यायची, कंबरेत कापायची, पुट्टीने उघडायची. रणगाड्याच्या किटमधले ड्रायव्हर शेवटी उपयोगी पडतात ते असे.

लाकडाच्या फ्रेमला खिळे किती मारायचे?

एकही नाही. चिकण मातीत फ्रेम एकमेकांत बसवून ठेवायच्या, माती फुगते आणि त्यांना आवळून धरते, हातोडा मारायची गरज नाही आणि मारायचा प्रश्नच नाही कारण पलीकडे ऐकणारा बसलाय. आइस्क्रीमच्या काड्या घेतल्या तर टोकं गोल असतात ती कापा, चहाच्या पाण्यात भिजवून रंग द्या, मग गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग. खिळ्यांची टोकं काढत बसलेले लोक मी पाहिलेत, सुंदर काढतात, पण नकोत.

सोमच्या भुयारात काय वेगळं?

तिथे खडू आहे, पांढरा, कडक, बहुतेक जागी स्वतःच उभा राहतो. ला ब्वासेलच्या लॉखनागर सुरुंगासाठी जे भुयार खणलं ते साधारण १.४ मीटर उंच, ७५ सेंटिमीटर रुंद. खडूत फावडं घुसत नाही आणि कुदळ वाजते, म्हणून संगिनीला लाकडी दांडा बसवून खडूच्या भेगेत घालून ढेकूळ हळूच सोडवायचे आणि दुसरा माणूस ते खाली पडायच्या आत हातात झेलायचा. जमिनीवर पोती अंथरलेली, माणसं अनवाणी. म्हणजे फिगरचे बूट कापून पावलं करावी लागतात, कंटाळवाणं काम आहे पण केल्याशिवाय ते सोम होत नाही. १ जुलै १९१६ ला सकाळी ७ वाजून २८ मिनिटांनी तो उडाला, खड्डा अजून आहे, तोंड जवळपास १०० मीटर. खडूसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून वाळल्यावर तोडायचं, तोडलेला कडा तसाच ठेवायचा, घासायचा नाही.

स्फोट कसा दाखवू? कापूस लावू का?

कृपया नको. मेसीनला ७ जून १९१७ ला पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी १९ सुरुंग उडाले, एकूण साधारण ४५० टन स्फोटकं, ते कापसात बसत नाही. त्यापेक्षा स्फोटाच्या आदल्या दिवसाचं दृश्य करा. अमोनल या स्फोटकाचे डबे रचलेले, त्यातून दोन-तीन वायरी निघालेल्या, आणि डब्यांच्या मागचं भुयार पोत्यांनी गच्च भरून बंद करत आणलेलं, कारण बंद नाही केलं तर स्फोटाचा जोर वर न जाता भुयारातून उलटा मागे येतो. हे भरणं बरेच लोक दाखवत नाहीत आणि डबे असे उघडे ठेवून देतात जसे वाण्याच्या दुकानात तेलाचे डबे.

ऐकणाऱ्या माणसाबद्दल सांगा.

जिओफोन. लाकडाच्या दोन छोट्या गोल डब्या, आत पारा, त्यातून स्टेथोस्कोपसारख्या नळ्या कानात. दोन डब्या जमिनीवर हलवत दोन्ही कानांत आवाज सारखा येईपर्यंत बघायचं आणि होकायंत्राने दिशा घ्यायची. फिगर गुडघ्यावर, मान खाली, डोळे मिटलेले, बाजूला एक मेणबत्ती. आवाज पक्का कळला की आपल्या बाजूने छोटा स्फोट करून त्यांचं भुयार दाबायचं, याला कॅमूफ्ले म्हणायचे, वरची जमीन फुटायची नाही. नंतर खाली विषारी वायू साठायचा, म्हणून बचाव करणाऱ्यांकडे पिंजऱ्यात कॅनरी पक्षी किंवा उंदीर, आणि प्रोटो नावाचं श्वासाचं यंत्र, छातीवर पिशवी, पाठीवर ऑक्सिजनचं नळकांडं. पिंजरा जुन्या इअरफोनच्या तांब्याच्या तारेतून होतो.

यात आपली माणसं कुठे आहेत?

पहिल्या महायुद्धातलीच घ्या. २० डिसेंबर १९१४ ला गिव्हन्शी-फेस्टुबर्ट भागात जर्मनांनी सिरहिंद ब्रिगेडच्या, म्हणजे भारतीय सैन्याच्या खंदकांखाली १० छोटे सुरुंग उडवले, प्रत्येकी साधारण ५० किलोचे, आणि लगेच हल्ला केला. त्यानंतरच ब्रिटिशांना जाग आली आणि टनेलिंग कंपन्या, म्हणजे भुयारं खणणाऱ्या लष्करी तुकड्या, उभ्या राहिल्या. हा डायोरामा फार कमी लोक करतात. लक्षात ठेवा, १९१४ आहे, स्टील हेल्मेट नाही, ती ब्रिटिशांकडे सरसकट १९१६ मध्ये आली. पगड्या, गुरख्यांच्या हॅट, ग्रेटकोट, घोट्यापर्यंत थंड पाणी. भुयार दाखवायचं तर जर्मन बाजूचं, छोटं, उथळ, खंदकापासून पुढे काढलेलं.

आणि मराठ्यांचं? सातारा, चाकण?

हा प्रश्न दिवाळीच्या आसपास वाढतो. किल्ला करून झालेला असतो, मावळे मांडलेले असतात, मग कुणाला तरी वाटतं की खाली सुरुंग काढू.

चाकणचा संग्रामदुर्ग १६६०, फिरंगोजी नरसाळा आत, शाहिस्तेखान बाहेर, वेढा जवळजवळ दोन महिने. भुईकोट आहे, म्हणजे मातीतून खणता येतं, आणि मोगलांनी तेच केलं, बुरुजाखाली सुरुंग भरून १४ ऑगस्टला उडवला. तारीख बघा, भर पावसाळा. त्यामुळे तुमचा खंदक पाण्याने भरलेला, मोर्चे चिखलाचे, माणसं भिजलेली. कोरडी सोनेरी जमीन केली की चाकण गेलं.

साताऱ्याचा अजिंक्यतारा वेगळा. तिथे काळा कातळ, वर तट, किल्लेदार प्रयागजी प्रभू, आणि औरंगजेब स्वतः खाली छावणीत. तरबियतखानाच्या देखरेखीखाली तटाखाली सुरुंग खणले आणि १३ एप्रिल १७०० ला उडवले. पहिल्याने तट आत कोसळला, प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसऱ्याचा तट बाहेर कोसळला आणि खाली हल्ल्यासाठी दबा धरून बसलेल्या मोगलांवरच पडला, त्यात शेकड्यांनी माणसं मेली. हे दृश्य एका बेसवर बसतं कारण सगळं उभ्या उतारावर आहे. पण मी तरी स्फोटाआधीचं करेन, कातळात पहारीने भोक पाडणारे बेलदार, वर तटावर वाकून बघणारा मराठा, खाली बत्ती लावायला उभा असलेला एकजण.

काही चुका नेहमी दिसतात. कातळ काळाच ठेवा, पिवळट वाळूचा दगड करू नका, तो राजस्थान होतो. माती उचलायला लोखंडी घमेली नकोत, वेताच्या पाट्या-टोपल्या घ्या. पेठेतून आणलेले मावळे रंगीत आणि गोड असतात, पण एकाच पिशवीत तीन स्केलचे निघतात, त्यामुळे डायोरामात ते मागच्या तटावर लांब ठेवा, पुढे नको.

कू चीचे फोटो भरपूर मिळतात, तेच बघून करू ना?

सावध. आज पर्यटकांना ज्या भुयारांतून नेतात त्यातली बरीच रुंद आणि उंच करून घेतलेली आहेत. मूळ वाटा कित्येक ठिकाणी ८० सेंटिमीटर उंच आणि ६० रुंद एवढ्याच, म्हणजे १/३५ मध्ये २३ बाय १७ मिमी. रांगणाऱ्या माणसाखेरीज काही बसत नाही. सरळ रेषेत करू नका, वळणं आणि कोन पाहिजेत, म्हणजे गोळी आणि स्फोटाचा धक्का लांब जात नाही. लाकडी टेकू शक्यतो नकोत, ती जांभ्याची माती वाळून कडक होते. मध्येच पाण्याने भरलेलं खोलगट वळण द्या, वायू पुढे जाऊ नये म्हणून. ते अगदी आपल्या संडासाच्या पाइपातल्या वाकासारखंच काम करतं, फक्त माणसाला त्यातून बुडी मारून जायचं असतं. स्वयंपाकघर केलंत तर होआंग कॅम चूल दाखवा, धूर लांबच लांब चरांतून फिरवून थंड करून गवताजवळ पसरवायचे, म्हणून बाहेर धुराचा लोट नको.

अमेरिकन टनेल रॅट, म्हणजे शत्रूच्या भुयारात शिरणारा सैनिक, एकटा पुढे, अंगात फार काही नाही, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पिस्तूल. एम-१६ घेऊन आत शिरणारा माणूस मला तरी पटत नाही, वळणारच नाही तो. वरच्या झाकणाचं माप ३० बाय ४० सेंटिमीटर धरा.

तांबड्या रंगासाठी घोडबंदर रोडला कुठेही बांधकाम चालू असतं तिथला मुरूम मागून घ्या, चाळा, तव्यावर भाजा म्हणजे किडे-बुरशी जाते. येऊरच्या जंगलातून माती उचलू नका, ते नॅशनल पार्क आहे. खाडीचा चिखल तर अजिबात नको, मीठ फुटतं आणि वासाने घरचे डायोरामासकट तुम्हाला बाहेर काढतील.

लाईट कसा द्यायचा?

कमी द्या. १/३५ मध्ये मेणबत्ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड, मासेमारीच्या जाड दोऱ्यातून करा. तिच्यामागे लपवून एक वॉर्म एलईडी, युएसबीच्या ५ व्होल्टवर १ किलोओहमचा रेझिस्टर लावला की हवा तसा मंद होतो. दिवाळीच्या इलेक्ट्रिक पणत्या फोडल्या की आतला लुकलुकणारा एलईडी आयता मिळतो, दिवाळीनंतर जांभळी नाक्याला त्या पडेल भावात असतात. पट्टीवाली पांढरी एलईडी लावली की भुयार लोकलचा डबा होतं.

पावसाळ्यात सगळं वाकडं होतं, उपाय?

जून ते सप्टेंबर ठाण्यात प्लास्टर आणि शाडूचं काम करू नका, वाळतच नाही आणि आत बुरशी धरते. त्या महिन्यांत फिगर रंगवा. बेस एमडीएफचा घेतलात तर सहाही बाजूंनी वार्निश मारा, मरीन प्लाय घेतलात तर जास्त बरं. ॲक्रिलिक शीटच्या आत बाष्प धरतं म्हणून मागे दोन भोकं ठेवा आणि सिलिका जेलची पुडी टाका, बुटांच्या खोक्यात येते तीच. लाकडाच्या काड्या भरपूर असतील तर वाळवीचं औषध आधी लावा, रंग दिल्यावर लावलं तर रंग उतरतो.

लढाईचं नाही, पण पारसिक बोगदा करता येईल का?

हे ठाणे-कळव्याची मुलं विचारतातच. १९१६ चा आहे, म्हणजे सोमच्या सुरुंगांच्याच वर्षीचा, लांबी सव्वा किलोमीटरच्या वर, १/७२ मध्ये १८ मीटर होईल, तुमच्या मजल्याचा पॅसेजसुद्धा पुरणार नाही. कळव्याच्या बाजूचं तोंड आणि आत एक हात भुयार एवढंच करा, काळा कातळ, पावसाळ्यातला ओला, आणि रेल्वेगाडीसाठी १/७२ सोडून १/८७ बघा, त्यात रुळाचं सामान सहज मिळतं.